शिरोळच्या नदीकाठी आई-वडील दोघंच आहेत. पुराच्या कितव्या फुटाला त्यांना हलवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-वडील शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या गावात राहतात, तुम्ही पुण्यात. २०१९ ला त्यांना बोटीतून काढावं लागलं. आता पाऊस वाढला की तुमच्या फोनवर ‘राजाराम बंधारा अमुक फूट’, ‘कोयनेतून तमुक क्युसेक’ असे मेसेज येत राहतात आणि नेमकं कधी निघायचं ते त्यातून कळत नाही. वडील म्हणतात, ‘पाणी पायरीला लागू दे, मग बघू.’

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं होतो. त्यातले बरेच पावसाळे पूर नियंत्रण कक्षात रात्रपाळीला गेले. त्या अनुभवावरून आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. तुमच्या वडिलांचं ‘पायरीला लागू दे’ हेच सगळ्यात धोक्याचं आहे. पाणी पायरीला लागतं तेव्हा गावातून बाहेर पडायचा रस्ता बहुधा आधीच गेलेला असतो. आपल्याकडची नदीकाठची गावं बघा. गावठाण थोड्या उंचवट्यावर, आणि गावाला जोडणारा रस्ता खाली मळीच्या रानातून, ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून जाणारा. नदीचं पाणी आधी ओढ्यात उलटं शिरतं, पूल बुडवतं, आणि गाव बेट होतं. त्या वेळी घराचा उंबरा कोरडाच असतो, म्हणून माणूस निवांत असतो. पुढे चार फूट पाणी चढलं की बोटीशिवाय इलाज राहत नाही. तेव्हा तुम्हाला शोधायचा आहे तो रस्त्याचा आकडा. उंबऱ्याचा आकडा त्याच्यानंतर.

आता मेसेजमधले आकडे. पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात, तिथे इशारा ४० आणि धोका ४५ फूट. हे आकडे त्या त्या जागच्या मोजपट्टीचे आहेत. राजारामला ४३ फूट म्हणजे तुमच्या गावात ४३ फूट पाणी नव्हे, आणि ४३ होईपर्यंत तुम्ही सुरक्षित आहात असंही नव्हे. कोल्हापुरातल्या सुतारवाड्यातली माणसं दरवर्षी सगळ्यांच्या आधी हलतात, कारण त्यांच्या दारात पाणी लवकर येतं. शहराच्या वरच्या भागात राहणाऱ्याला त्याच दिवशी पुराची कल्पनाही नसते. मोजपट्टी एकच असली तरी प्रत्येक घराचा आकडा वेगळा.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नदीकाठच्या एका गावात आम्ही इशारा द्यायला गेलो होतो. मी ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून सांगत होतो की एवढे हजार क्युसेक विसर्ग वाढला आहे, नागरिकांनी सतर्क राहावं. खाली उतरलो तर एक म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, “सायेब, ते क्युसेक राहूदे. पाणी माझ्या चुलीपाशी कवा येतंय त्येवढं सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या कागदावर धरणाचा साठा दशांशापर्यंत होता, पण तिची चूल कुठेच नव्हती. तलाठी, कोतवाल आणि गावातली चार जुनी माणसं बरोबर घेऊन आम्ही त्या दिवशी गाव फिरलो. मागच्या पुरात पाणी कुठल्या घराच्या कुठल्या पायरीला होतं, ओढ्यावरचा पूल कधी बंद झाला, त्या दिवशी मोजपट्टीवर किती होतं, हे सगळं एका वहीत लिहिलं. पुढच्या वर्षीपासून त्या गावात इशारा देताना क्युसेक शेवटी सांगितले. आधी सांगितलं, ‘उद्या दुपारपर्यंत ओढ्याचा पूल जाईल, मारुतीच्या देवळाखालच्या सगळ्या घरांनी आज रात्री आवरून घ्या.’ लोक हलले.

तुम्ही हेच तुमच्या घरासाठी करा, तेही उन्हाळ्यातच. एक रविवार गावाला जा. वडिलांना घेऊन पारावर बसा आणि विचारा: २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला आपला रस्ता कोणत्या दिवशी बंद झाला? दूधगाडी यायची कधी थांबली? एसटी कुठपर्यंत येत होती? शेतकऱ्याला तारीख आठवत नाही, पण दूध कधी अडलं ते बरोबर आठवतं. त्या दिवसांची पाणीपातळी त्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आलेली असते. दोन्ही जुळवलं की तुमच्या घराचा आकडा हातात येतो. तो ऑइलपेंटने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा: एवढ्या फुटाला रस्ता बंद, एवढ्याला गोठ्यात पाणी, एवढ्याला उंबरा.

यात एक मेख आहे आणि शिरोळकरांनी ती नीट समजून घ्यायला हवी. तुमच्याकडे पाणी एका वाटेने येत नाही. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं, वारणा सांगलीजवळ हरिपूरला मिळते, आणि पंचगंगा नृसिंहवाडीला. पंचगंगा स्वतःच कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी घेऊन येते. २०१९ ला राजारामला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि आयर्विनला ५७ फुटांच्या वर. २०२१ ला राजारामला ते ५६ फुटांच्याही वर गेलं, म्हणजे २०१९ पेक्षा जास्त, पण सांगलीत मात्र २०१९ पेक्षा खालीच राहिलं. त्यामुळे राजारामचा आकडा तेवढा पाहून तुमच्या गावाचा हिशोब लागणार नाही. राजाराम आणि आयर्विन दोन्ही बघा, आणि त्याहून जास्त भरवसा जवळच्या मोजणीवर ठेवा. केंद्रीय जल आयोगाची अर्जुनवाड आणि कुरुंदवाड इथली केंद्रं तुमच्याच तालुक्यात आहेत. आयोगाच्या ‘फ्लडवॉच इंडिया’ अॅपमध्ये केंद्राची पातळी आणि पुढचा अंदाज दिसतो. ते अॅप तुमच्या फोनमध्ये असू द्या, वडिलांकडे नसलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट, फूग. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी नृसिंहवाडीच्या संगमावर पुढे सरकत नाही, मागे दाटतं. म्हणून पाऊस उघडतो, लख्ख ऊन पडतं, आणि पाणी चढतच राहतं. शिरोळ तालुक्यात तसा पाऊस बेताचाच. तुमचा पूर पडतो गगनबावड्याला, राधानगरीला, नवजाला आणि महाबळेश्वरला. २०१९ ला कितीतरी माणसांना मी आकाशाकडे बोट दाखवून ‘आता उघडलंय, उद्या उतरेल’ म्हणताना ऐकलं. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही, लहानपणापासून त्यांनी तसंच पाहिलं होतं. पण आईला फोन केलात आणि ती म्हणाली ‘इथं ऊन आहे’, तर त्यावर विसंबू नका. घाटमाथ्यावर किती मिलिमीटर झाला ते बघा. हवामान खातं २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढे अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार म्हणतं. घाटासाठी सलग दोन-तीन दिवस रेड अलर्ट असेल आणि धरणं आधीच भरत आलेली असतील, तर मोजपट्टी काय म्हणते याची वाट न पाहता बॅग भरायला घ्या.

धरणांचे मेसेज वाचण्याबद्दल. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अंदाजे २८ लिटर, साधारण दोन घागरी. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चार टँकर. असे सात दरवाजे आहेत. ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि आपोआप मिटतात, त्यामुळे ‘तिसरा दरवाजा उघडला’ हा मेसेज येतो तेव्हा पाणी वाटेला लागलेलं असतं. कोयनेचं वेगळं. तिथे सहा वक्र दरवाजे किती उचलायचे हे माणसं ठरवतात, त्यामुळे वेळ आधी जाहीर होते. दरवाजे किती फुटांनी उचलले याच्यापेक्षा एकूण विसर्ग किती ते बघा. पायथ्याच्या वीजगृहातून सुटणारे २१०० क्युसेकही त्यात धरलेले असतात. आणि विसर्गाइतकीच आवक महत्त्वाची. १०५ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) कोयनेत ७० टीएमसी पाणी असेल तर आलेली आवक पोटात घ्यायला जागा आहे. १०० टीएमसी असेल तर जेवढं येईल तेवढं खाली सोडावंच लागतं. एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचं तर सलग २४ तास सुमारे साडेअकरा हजार क्युसेक सोडावे लागतात. एवढं गणित लक्षात ठेवलंत तरी मेसेज वाचताना पुढचे दोन दिवस डोळ्यांपुढे येतात.

कृष्णेवरच खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणावरून आपल्याकडे दर पावसाळ्यात वाद पेटतो. तो वाद महत्त्वाचा आहे आणि जिथे व्हायला हवा तिथे व्हावा. पण पाणी चढत असताना आई-वडिलांना हलवायचं की नाही हे त्यावर ठरत नाही. पाणी वरून आलं की खालून तुंबलं, पूल त्याच फुटाला बुडतो.

आता वेग. पातळी किती यापेक्षा ती तासाला किती वाढते यावर माझी नजर असायची. समजा तुमचा रस्ता ४१ फुटाला जातो, आत्ता ३९ आहे, आणि तासाला चार इंच वाढतंय. दोन फूट म्हणजे २४ इंच, तर तुमच्या हातात सहा तास आहेत. सहा तास पुष्कळ वाटतात. पण संध्याकाळचे पाच वाजले असतील तर तो पूल रात्री अकराला जाणार, आणि रात्री अकराला, दिवे गेलेले असताना, दोन म्हाताऱ्या माणसांना कुणी हलवत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, दिवेलागणीच्या आधी निर्णय. रात्रीत आकडा गाठला जाईल अशी शंका जरी असली तरी उजेडातच निघायचं.

नेटवर्क गेलं तर हाच वेग घरबसल्या मोजता येतो. पाण्याच्या कडेला बरोबर काठावर विटेचा तुकडा ठेवायचा आणि घड्याळ बघायचं. एका रात्री आम्ही एका शाळेच्या पटांगणात हेच करत होतो. बॅटरीच्या उजेडात काडीकचरा तरंगत पुढे येताना दिसायचा, आधी विटेच्या खालच्या कडेला फेसाची एक बारीक रेघ लागायची, आणि बघता बघता वीट ओली होऊन दिसेनाशी व्हायची. अर्ध्या तासात तीन विटा गेल्या, एकेक पायरी वर. चौथी वीट ठेवली आणि तासभर ती तशीच राहिली, तेव्हा कुठे चहा सांगितला. मात्र हे भिंतीपाशी, उथळ आणि संथ पाण्यातच करायचं. नदीच्या धारेजवळ जाऊन काही मोजायचं नाही.

वडिलांबद्दल. ते हट्टी आहेत म्हणून थांबत नाहीत, दोन कारणांसाठी थांबतात: म्हशी आणि २००५. दोन्हींचा मान ठेवून बोला. २००५ हा त्यांच्या आयुष्यातला मोठा पूर, तेव्हा पाणी जिथे थांबलं ती त्यांच्या लेखी नदीची हद्द. २०१९ ला पाण्याने ती ओलांडली, आणि ‘२००५ ला आलं नव्हतं’ म्हणून थांबलेलीच माणसं जास्त अडकली. आता २०१९ ला हद्द समजण्याची चूक होऊ नये. आणि म्हशींचं म्हणाल, तर माणसांच्या आधी त्यांची सोय करा. इशारा पातळीची चाहूल लागली की जनावरं उंचावरच्या पाहुण्यांकडे किंवा छावणीत पाठवा, आठवड्याची वैरण बरोबर द्या, कानातल्या बिल्ल्यांचे फोटो काढून ठेवा. म्हशी गेल्या की वडील मागोमाग निघतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. काही कारणाने जनावर मागे राहिलंच, तर दावं सोडून द्या. मोकळी म्हैस पोहून उंचवटा गाठू शकते, खुंट्याला बांधलेली जागच्या जागी जाते.

वडिलांना आणखी एक सांगून बघा. दक्षिणद्वार सोहळ्याला नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात जाणारी माणसं पाणी पादुकांवरून कधी वाहील ते रोज विचारतात, आणि पाणी वाढलं की मंदिरातली हलवाहलव वेळेवर होते. पाणी येणार हे गृहीत धरून आधी आवरायचं, ही रीत नदीकाठी जुनीच आहे.

निघताना काय घ्यायचं हे तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून विसरल्या जाणाऱ्या गोष्टीच सांगतो. औषधं पंधरा दिवसांची, चिठ्ठीसकट. सातबारा, रेशनकार्ड, आधार, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि सगळ्यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये. वीज मीटरजवळच्या मेन स्विचवरून बंद. गॅसचा रेग्युलेटर काढून टाकी घट्ट बांधा, कारण ती पाण्यावर तरंगते आणि घरभर आपटत फिरते. बियाणं, खत आणि तणनाशकाचे डबे माळ्यावर. तणनाशक पाण्यात मिसळलं तर ते तुमच्याच विहिरीत जातं.

रस्त्यावर पाणी असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी लहान मोटार उचलतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. चालत्या माणसाला पाडायला त्याहून कमी पुरतं. आपल्याकडे आणखी एक सापळा म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्याआधी त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, पण वरून दुचाकी आणि ट्रॅक्टरची ये-जा चालूच असते. पाणी वर आलं की कठडा दिसत नाही, कडा कळत नाही, आणि रोजचा वाटसरू रोजच्या अंदाजाने गाडी घालतो.

अडकलातच तर १०७७ वर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला किंवा ११२ ला फोन करा. सांगताना गावाबरोबर जवळची खूण सांगा: देऊळ, शाळा, पाण्याची टाकी. घरात किती जण, चालता न येणारे किती, हेही सांगा. पक्क्या घराच्या वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर थांबा. मातीच्या भिंतीच्या घरात माळ्यावर चढून बसू नका, भिंत खालून विरघळते. बोट आली की घाई करू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि आया-बायका, लेकरं डोळ्यांदेखत गेली. बोटीत पेलवेल त्याहून जास्त माणसं होती. ती बातमी कक्षात आली तेव्हा आम्ही कुणी कुणाशी बोललो नाही. म्हणून आई-बाबांना आत्ताच सांगून ठेवा: बोट भरलेली असेल तर थांबा, पुढच्या फेरीला या, लाइफ जॅकेटशिवाय बसू नका. उशीर होईल, होऊ द्या.

अफवांबद्दल एवढंच, की ज्या मेसेजवर तारीख आणि वेळ नाही तो मेसेज पुसून टाका. ‘धरण फुटलं’ हा फॉरवर्ड जवळजवळ दर पुरात फिरतो आणि त्याने माणसं रात्री-अपरात्री पाण्यातून पळतात.

पाणी उतरल्यावर परत जायची घाई करू नका, कारण पाण्यात तग धरलेल्या मातीच्या भिंतीही ऊन लागून वाळायला लागल्या की कोसळतात. पाणी गेल्यावरही काही दिवस त्या धोक्याच्या. आत जाताना हातात काठी हवी, कपाटामागे आणि कौलांच्या फटीत साप असतात. वायरमनने बघेपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही. विहिरीचं पाणी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय नको, आणि पिण्यासाठी तेही उकळूनच. चिखलात काम केल्यावर ताप आला, पिंढऱ्या दुखायला लागल्या, तर ‘पावसात भिजल्याचा ताप’ म्हणून अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पुराच्या पाण्यात होतो हे आवर्जून सांगा, म्हणजे डॉक्टर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका घेतील.

आणि घर धुवायला घेण्याआधी दोन कामं. पंचनाम्यासाठी प्रत्येक खोलीचे, गोठ्याचे, पिकाचे फोटो काढा, चिखल असतानाच. मग भिंतीवर पाण्याची जी तपकिरी रेघ उमटलेली असते, तिच्यावर खिळ्याने ओरखडा काढून ठेवा, आणि भिंत सुकली की ऑइलपेंटने शेजारी वर्ष, तारीख आणि त्या दिवशीची अर्जुनवाडची, आयर्विनची आणि राजारामची पातळी लिहा.